अकराची दिशा

काडी आइस्क्रीमची असावी, धुऊन वाळवलेली, टोकाला अजून गुलाबीसर डाग असलेली, आणि तिच्यावर खळीनं चिकटवलेला बोटभर कागदी झेंडा, रंग रेषेबाहेर सांडलेले... न्हाणीतल्या ब्रशांच्या पेल्यात, तिघांच्या तीन ब्रशांच्या मधोमध ती उभी होती. तिनं ती काल तीनदा आरशाकडे तोंड करून ठेवली होती आणि तिन्ही वेळा थोड्या वेळानं पाहावं तर झेंडा आपला कोपऱ्यातल्या भिंतीकडे. भुंगी येऊन फिरवत असणार. दुसरं कोण फिरवणार? पेला उंचावर आहे, स्टूल दाराबाहेर आहे, पण चार वर्षांचं पोर कुठे चढेल याचा भरवसा नाही — तिनं तोंड पुसलं, आणि या वेळी झेंडा फिरवला नाही.

बाहेरच्या खोलीतून गुणगुण येत होती. तेवढं पुरे होतं. भुंगी जन्मल्यापासून अशीच, ओठ मिटून, खेळताना, जेवताना, झोपेत कूस बदलतानासुद्धा. माझ्या आईनंच हे नाव ठेवलं, बारशातलं मागे पडलं. पोरीकडे डोळे लावायला नकोत, कान लावला की कळतं — आता पलंगाखाली आहे, आता खिडकीशी गेली, आता काहीतरी तोंडात घातलंय कारण सूर जाड झाला. या परक्या देशातल्या घरात मी चौदा महिने अशीच कानांनी राहिले आहे.

आज इथला मोठा दिवस. गेल्या वर्षी या दिवशी ती तापानं पडून होती, काही पाहिलंच नव्हतं. या खेपेला आठवडाभर खिडक्याखिडक्यांत झेंडे दिसत होते, पाळणाघरात मुलं काड्या रंगवत होती, आणि नवऱ्याला ड्यूटी लागली होती. तो इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो, आणि यांच्या सणाला आपल्यासारखेच कामाला, आपल्या सणाला आपण रजेचा अर्ज करायचा, असं म्हणत तो सकाळी सहालाच गेला. जाताना फ्रिजकडे बोट दाखवून गेला. फ्रिजवर चुंबकाखाली कायमच्या वास्तव्याचा अर्ज होता. त्याची सही झालेली, तिची राहिलेली, भुंगीच्या नावापुढची जागाही तिच्याच सहीची. उद्या शेवटचा दिवस. सण होऊ दे मग बघू, असं ती महिनाभर म्हणत आली होती, जणू सण झाला की काहीतरी दिसणार होतं.

म्हणून सकाळी आठला भुंगीला लाल झगा घालून, गोडाचा डबा घेऊन ती खाली गेली होती. एवढा मोठा दिवस, झेंडे लागलेत, शेजाऱ्यांचं तोंड गोड करायचं, यात विचार कसला करायचा? खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई जिन्यातच भेटल्या. एरवी त्यांच्या गळ्यात टेप असायची, आज नव्हती. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट होता. तिनं पाठ केलेलं शुभेच्छांचं वाक्य म्हटलं, डबा पुढे केला. बाईंनी डबा घेतला. दोन्ही हातांनी, एखादी जड वस्तू घ्यावी तसा.

“आज असं म्हणत नाहीत,” त्या म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून मऊ आवाजात, “तुम्हाला कसं माहीत असणार. तुम्ही पाहुण्या. तुम्ही काही केलं नाही तरी चालतं.”

आणि खाली वाकून त्यांनी भुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. हिला मात्र येतं सगळं, असं काहीसं म्हणाल्या, आणि त्या दोघी एकमेकींकडे पाहून... हसल्या नाहीत. नुसतं पाहिलं. ओळख पटावी तसं.

वर येताना तिला एकदम टोपीवाली आठवली. किती वर्षांनी! शाळेचं मैदान, आपला दिवस, बुटांना खडू फासून पांढरे केलेले, सावधान म्हटल्यावर दीड तास सावधान, आणि कुंपणापलीकडे एक परदेशी बाई, मोठ्या टोपीची, गळ्यात कॅमेरा. तिसऱ्या रांगेतली मुलगी उन्हानं भोवळ येऊन धाडकन पडली, रांग ताठच राहिली, हलायचं नाही अशी ताकीदच होती — आणि त्या शांततेत टोपीवालीनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, हाही कार्यक्रमच. आम्ही वर्षभर तिची नक्कल करून हसायचो. टोपीवाली आली, टोपीवाली आली... आज लाल झग्यातली पोर आणि डबा घेऊन टोपीवालीच जिन्यात उभी होती.

आईचा फोन आला तेव्हा ती भाजी चिरत होती. आई तिकडून विचारत होती की मग काय, आज मजा असेल, बँड वगैरे, गोड वाटलंस की नाही, का तिथेही हात आखडता? ती हो-हो करत होती. जिन्यातलं सांगायचं नव्हतं. आई मधेच थांबली.

“भुंगा का गं बंद आज?”

सुरी थांबली. खरंच, नव्हता. कधीपासून? फोन आला तेव्हा होता... होता ना? ती वळली. भुंगी मागेच होती, स्वयंपाकघराच्या मधोमध, हात मांड्यांना चिकटवून, पाय जुळवून. फ्रिजच्या भिंतीकडे तोंड करून. घड्याळात अकरा.

भोंगा नाही, घंटा नाही, तोफ नाही. खिडकीखालचा रस्ताच बंद पडला होता. बस मधोमध उभी, ड्रायव्हर उतरून दारापाशी, कुत्र्याचा पट्टा धरलेला म्हातारा, सायकल आडवी टाकलेली बाई, अंगणात शिंपीणबाई; आणि एकाचंही तोंड झेंड्याकडे नाही, चौकाकडे नाही. सगळे एकाच बाजूला वळलेले, जिथे टायरवाल्याचं बंद शटर होतं आणि त्याच्या मागे नुसत्या गच्च्या. तिनं मनातल्या मनात रेघ ओढली. रस्ता, जिना, स्वयंपाकघर, फ्रिज. न्हाणीतल्या झेंड्याची भिंत. रेघ सरळ होती.

भुंगे, तिनं हाक मारली. पोरीची मान हलली नाही. हात लावावा, उचलून घ्यावं, पोटाशी धरावं... हात अर्ध्यावर थांबला, आणि तिला स्पष्ट कळलं की आपण आता जे काही करू ते टाळ्या वाजवल्यासारखंच होणार. ती वाकून समोरून पाहू लागली. डोळे उघडे होते. ते तिच्याकडे नव्हते, फ्रिजकडेही नव्हते. कुणीतरी लांबून येताना दिसत असावं, अजून ओळखू येत नसावं, असे होते. फोनमधून आई हॅलो हॅलो करत होती.

मग बस सुरू झाली. भुंगी खाली बसली आणि ठोकळे लावू लागली.

“तिकडे काय आहे गं?”

“ते आहेत.”

“ते कोण?”

“आपले,” भुंगी म्हणाली, ठोकळ्यावर ठोकळा ठेवत. “तू नको बघूस. बाई म्हणाल्या, आईनं नाही केलं तरी चालतं.”

पाळणाघरातल्या बाईंनी शिकवलं असणार, त्यात काय, मुलांना सगळीकडेच शिकवतात. आपल्याला नव्हतं का शिकवलं? आपण तरी कुणासाठी उभ्या होतो त्या उन्हात, विचारलं होतं कधी? तिनं स्वतःची अशी समजूत घातली. पण गुणगुण परत आली नाही. जेवताना नाही, पाणी पिताना नाही. घर कान बंद केल्यासारखं झालं आणि मग तिला दर दोन मिनिटांनी खोलीत जाऊन पाहावं लागलं की पोर आहे ना. दुपारी निजवताना तिनं उशी उलट्या बाजूला ठेवली, मुद्दाम. थोड्या वेळानं गेली तर भुंगी झोपेतच पलंगभर फिरून भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि ओठ घट्ट मिटलेले, आवाज नाही.

नवऱ्याचा फोन आला. तोही उभा राहिला होता म्हणे. सगळे उभे, आपण एकट्यानं काय नळीत बघत बसायचं? तोंड कुठे करायचं ते कळेना, मग पुढच्याच्या टकलाकडे बघून उभा राहिलो, असं म्हणून तो हसला. तिनं विचारलं की त्या बाजूला आहे तरी काय. कुणाला ठाऊक, तो म्हणाला, विचारलं नाही, अशा वेळी विचारत नाहीत. आणि मग सही करून ठेव, उद्या सकाळी घेऊन जातो.

दाराबाहेर डबा ठेवलेला होता. घासलेला, पुसून कोरडा केलेला, रिकामा. डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, एवढं यांना... यांना कसं माहीत असणार. तिनंच घरातली चिमूटभर साखर त्यात टाकली, आणि तो फळीवर ठेवला.

पाचच्या सुमाराला ती भांडी घासत होती, मनात तो अर्ज, सही करायची तर पेन कुठे आहे, नाही करायची तर काय सांगायचं... आणि तेव्हा ते आलं. आधी अगदी बारीक, मग नीट. गुणगुण. तिचे खांदे खाली आले, डोळ्यांत पाणीच आलं. उठली वाटतं. वळून पाहायचीसुद्धा गरज नव्हती, इतकं जवळ होतं. चाल ओळखीची नव्हती, पण पोरं काय, रोज नवं काहीतरी उचलतात. ती ऐकत राहिली. ऐकत राहावं असंच होतं.

“आई,” भुंगी म्हणाली.

ती दारात उभी होती. गालावर उशीची वळी, तोंडात अख्खं बिस्कीट, डोळे मोठे. आणि गुणगुण चालूच होती.

नळ पाठीमागे वाहत होता. कधी वळले मी? हातातून फरशीवर पाणी ठिबकत होतं, समोर फ्रिज होता, अर्ज होता, त्याच्यामागे भिंत, भिंतीमागे जिना, रस्ता, शटर, गच्च्या... आणि आपल्याच मिटलेल्या ओठांमागे, घशात, कुणीतरी ठेवून गेल्यासारखी ती चाल. थांबवावी. थांबवता येईल, नुसतं तोंड उघडायचं. पण थांबवली तर घरात पुन्हा कुणाचाच आवाज उरणार नाही, असं तिला वाटलं, आणि भुंगी बिस्कीट गिळून हळूच तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, पाय जुळवून.