सावित्रीचे आकडे ठेवणारी निळी कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कारखान्यातला नव्हे, हौसेने घरी जोडलेला. माझ्या थोरल्या भावंडांना नुसते दिवे आणि खटके होते. मला कळफलक मिळाला, पडदा म्हणून घरचा टीव्ही मिळाला. स्मरणशक्ती मात्र उसनी. वीज गेली की मी कोरा. म्हणून माझे सगळे शिक्षण टेपरेकॉर्डरच्या एका निळ्या कॅसेटवर उतरवलेले असे.

त्र्याऐंशी साली नासिरने कुवेतहून माझे सुटे भाग आणले आणि महाडात, आपल्या रेडिओदुरुस्तीच्या टेबलावर, मला जोडले. पोलादपूरचा पाऊस, दासगावची भरती आणि घाटाच्या पायऱ्यांवरचे पाणी एवढे सांगितले, की सावित्री नदी बाजारात किती वाजता शिरेल ते मी सांगे. दोन पावसाळे माझे म्हणणे खरे ठरले. कौतुक झाले, आणि तिथेच घात झाला. नासिरने जुन्या पुरांच्या आकड्यांची वही रद्दीत घातली. तांदळाचे व्यापारी दिलावरचाचा पायऱ्या मोजायचे थांबले.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये नासिरच्या आईने, अमिरुन्निसाने, ती कॅसेट लावून पाहिली. तिच्यावर नाव नव्हते, आणि आमचे आकडे माणसाच्या कानाला नुसती किंचाळी. "खराब झालीय मेली," म्हणत तिने त्यावर आपले बोलणे भरले आणि दुबईच्या धाकट्याला पाठवले. तेव्हा घरोघरी अशीच बोलती पत्रे जात.

जुलैत तीन दिवस पाऊस खळेना. सकाळी दिलावरचाचा निथळत आले.

"काय बोलतो रे तुझा डबा? वर्षाचा माल खाली हाय. गोण्या माडीवर चढवू?"

"थांबा चाचा. अम्मी, निळी कॅसेट कुठाय?"

"ती किंचाळणारी? सलीमला धाडली."

नासिरचा चेहरा उतरला. तो आठवून आठवून माझ्या कळफलकावर एकेक ओळ बडवू लागला.

"पाणी कितव्या पायरीवर हाय, दिलावरभाई?" अमिरुन्निसाने विचारले.

"मी बघितलंच नाय गो."

"डोळेपण दुबईला धाडलेत काय?"

चाळिसाव्या ओळीला वीज गेली. दिलावरचाचा दाराकडे वळले, तर पाणी उंबऱ्याला लागले होते. एकही गोणी वाचली नाही.

ऑगस्टात सलीमचे पत्र आले. "अम्मी, तुझं बोलणं संपल्यावर कॅसेटमध्ये कोण किंचाळतं? घरी सगळं ठीक हाय ना?"

मित्रांनो, यंत्राची आठवण जपा. पण आपली वही रद्दीत घालू नका. मी आता माळ्यावर आहे. कौलांवर पाऊस वाजतो आहे. आकडे मला आठवत नाहीत. तुम्ही जाऊन पायऱ्या मोजा.