दमणीखालचा कंदील

अहो, जरा वाकून बघाल की नाही? इथे खाली, दोन चाकांच्या मधे, आसाला टांगलेला मी कंदील बोलतोय. माणसाला वाकायचं म्हटलं की जिवावर येतं, हे मी चांगलं भोगलंय.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. मंगरूळच्या बाजारातून आसेगावच्या जगदेवनं मला आणलं आणि आपल्या दमणीखाली टांगलं. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. आमच्याकडे दिवा खालीच टांगतात. बैलांना वाट दिसते, बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर येत नाही. गावातल्या लेकी माहेरी आणायच्या, सासरी पोचवायच्या, त्या जगदेवच्याच दमणीतून. दुसऱ्या कुणावर बायांचा भरवसाच नव्हता.

एकदा वाशीमहून परतताना दिवेलागण झाली. जगदेवनं मला पेटवलं. नाक्यावर नवा शिपाई आडवा आला. समोर बैलांचे पाय, त्यात धुरळा. मी त्याला दिसणार कसा?

"बिनदिव्याची गाडी! खटला भरतो."

"जळून राह्यला ना कंदील! वाकून पाहा ना, जमादार!"

"आता मी तुह्या चाकाखाली डोकं घालू काय?"

घातलं नाही. मी आपला भकभक जळतोय आणि वर माझ्याच नावानं खटला! असा संताप आला म्हणून सांगू!

लोक म्हणाले, दंड भरून मोकळा हो. जगदेव हट्टाला पेटला. "मंग सारे मनतीन, जगदेव अंधारात गाडी हाकते. कोन धाडन आपली पोरगी?"

त्यानं वाशीमचे उत्तमराव वकील गाठले. वकील खूश झाले. "रोज जळणारा कंदील आहे ना? काच काळी असेल, वात जळकी असेल. तोच आपला साक्षीदार. तारखेला घेऊन या."

घेऊन या, एवढंच म्हणाले. आहे तसा आणा, हे म्हणायला त्यांची जीभ झिजत होती का?

तारखेच्या सकाळी जगदेवच्या बायकोनं, तुळसाबाईनं, मला पाहिलं. "अगं माय! सायबापुढं असा काया तोंडाचा नेता? लोक मनतीन, या घरात बाई हाय का नाई!"

आणि तिनं राख घेतली. काच घासली, टाकी घासली, जुनी वात फेकून नवी घातली. घासलेटचा वास येऊ नये म्हणून मला उन्हात उलटं टांगलं. अगं बाई, थांब, थांब! पण माझं कोण ऐकतं?

कोर्टात साहेबांनी मला उचललं, हुंगलं, काचेतून आरपार पाहिलं. "हा तर कधी पेटलेलाच नाही. खटल्यासाठी नवा आणलात?"

दंड झाला. बाहेर येताच वकिलांनी कपाळाला हात लावला. "तुळसाबाई, अहो, साक्षीदारच घासून काढलात तुम्ही!" ती रडायलाच लागली. जगदेवनं तिला हात धरून दमणीत बसवलं. मला मात्र असं आपटून टांगलं!

पुढे किती तरी दिवस दमणीला कुणी बोलावलं नाही. जगदेव रोज बैल धुवायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. त्याच्याकडे बघवत नव्हतं. मग एका संध्याकाळी शेजारची रंगूबाई आपल्या लेकीला, अंजनाला, घेऊन आली.

"हिले सासरी पोचवून दे, जगदेव."

"कोर्टात का झालं, आयकलं नाई काय?"

"कोर्टाले नसन दिसला तुहा दिवा. मले माह्या ओट्यावरून रोज दिसे."

माझा जीव भांड्यात पडला. बाया पुन्हा दमणीत बसू लागल्या.

पण तुळसाबाई! त्या दिवसापासून मला फडकं लावायचं नावच नाही. कुणी हात लावला की ओरडते, "राहू द्या काया! पुन्हा कोर्टात लागला तं?" आता काजळीचा असा थर चढलाय की आत मी जीव तोडून जळतो आणि बाहेर काळोख. परवा बैलाचा पाय खड्ड्यात जाता जाता वाचला. वर अंजना बसली होती, तान्हं घेऊन.

बाई, साहेबांना काय वाटायचं ते वाटो. दमणीत लेकी बसतात गं. एकदा पदर फिरव माझ्या काचेवरून.