दुसऱ्यांच्या हळदीत आमची नावं

माझ्या सासूबाईंना आमचं सगळं टेमघर गाव आक्का म्हणतं, म्हणून मीही आक्काच म्हणते. आक्का धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं, त्याला धवला म्हणायचं, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. एके काळी तारीख धरायच्या आधी लोक आक्काला विचारून जायचे. मी या घरात आले तोवर मांडवात डीजे आला होता. दोन हजार सहाच्या मोसमात तिला एकही बोलावणं आलं नाही. लग्नात नेसायची हिरवी साडी तिने दोनदा धुऊन वाळत घातली, न नेसताच.

तेव्हा तुळशीराम आला. त्याच्या भावाचं कापडाचं गोदाम होतं, आणि त्यातल्या मागच्या खोलीत हा बेंजोवाल्यांच्या हळदीच्या गाण्यांच्या सीडी काढायचा. म्हणाला, "आक्का, तुझ्या धवल्यांची सीडी काढू. घराघरांत जाईल."

"आनी मग मना कोन बोलवल?" आक्काने विचारलं.

"सीडी ऐकून आठवण होईल ना लोकांना."

माझा नवरा प्रितम जेवता जेवता म्हणाला, "आठवण कसली? बटण दाबतील. तुला बोलवायचं कारणच संपेल."

आक्का भाकरी मोडत राहिली. "आतापन कोन बोलवतंय," एवढंच म्हणाली. आणि हो म्हणाली.

रेकॉर्डिंग शुक्रवारी. गोदामाच्या गल्लीतले कापड विणायचे लूम फक्त शुक्रवारी बंद असतात, एरवी खटखटीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. खोलीत चारी भिंतींना कोऱ्या कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले. तुळशीराम म्हणाला, याच्यापेक्षा चांगला स्टुडिओ मुंबईत नाही, आवाज सगळा कापड पिऊन टाकतं. आमची आठ महिन्यांची मनाली मांडीवर घेऊन मी कोपऱ्यातल्या एका ताग्यावर बसले होते. ती झोपली की गाणं, ती उठली की चहा, असं आमचं चाललं होतं.

देवांना आवतण देऊन झालं. मांडवाचा धवला झाला. हळदीचा सुरू झाला आणि आक्का मध्येच थांबली.

"नाव कं?"

"कोणाचं?"

"नवरीचं. हालद कोनाला लावू मी?"

तुळशीरामने हेडफोन काढला. "नुसतं नवरी म्हण ना. सीडी सगळ्यांसाठी आहे."

"बिननावाची हालद आसते कं रं? तुझे लग्नात मी नुसतं नवरा बोललू होती?"

"मग कुठलंही घाल. सुमन घाल."

"आनी खाडीपल्याड कोनी सुमन आसंल, सोला वर्षांची, तर? देवांना आवतान गेलाय. ते काय सीडी हाय म्हनून परत जातील?"

तुळशीराम हसला, पण आक्का हसत नव्हती. हळद एकदा नावानं गायली की ती त्या माणसाला लागलीच, हे तिच्यासाठी दोन आणि दोन चार इतकं सरळ होतं. बरं, ज्यांची लग्नं झाली त्यांची नावं घालावीत, तर त्यांची हळद आधीच लागलेली. पुन्हा कशी लावणार?

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मनालीला पाजत होते.

"हिचा ऱ्हायलाय," ती म्हणाली.

आमचं लग्न ठाण्याला रजिस्टर झालं होतं. मी अकलोलीकडची, कुणबी. माझ्या बाबांनी दार लावून घेतलं, आणि आक्काने तेव्हा आम्हाला घरात घेतलं, जेवू घातलं, पण गायली नव्हती. त्या वर्षी तीन गावांत गायली, आपल्या मुलासाठी नाही. मी कधी विचारलं नाही.

"बापाचा नाव कं गो तुझे?"

"अनंता," मी म्हटलं.

आक्काने डोळे मिटले.

*हालद लागली कोनाला, अकलोलीचे लेकीला,*
*अनंताचे विनिताला, हालद लागली...*

मला पदर सावरता येईना. मनाली दूध सोडून आजीकडे बघत राहिली. तुळशीराम यंत्राशी उगाच काहीतरी करत होता. पुढचे सगळे धवले, चौदाव्यापर्यंत, माझ्या आणि प्रितमच्या नावाने झाले.

एप्रिलमध्ये गावदेवीच्या देवळात नारळ फुटला आणि सीडी निघाली. मंडपवाल्यांकडे, पत्रिकांच्या दुकानात, सगळीकडे गेली. पहिल्या आठवड्यातच खाडीकडच्या एका गावात नवरदेवाला पाटावर बसवून कोणीतरी सीडी लावली. स्पीकरमधून आवाज आला, प्रितमला हळद लागली. पोराचं नाव होतं दीपेश. त्याच्या आजीने हळदीची वाटी खाली ठेवली. "हा प्रितम कोन?" बायका हसल्या, म्हातारी हसली नाही. तिने सीडी बंद करायला लावली.

मग असं तीन घरांत झालं. तुळशीरामकडे सीडी परत येऊ लागल्या. प्रितमला नाक्यावर मित्र म्हणत, "काय नवरदेव, काल आमच्याकडं हळद लावून गेलास, जेवला का न्हाईस?" तो हसून घ्यायचा.

आक्काला मात्र हसू येईना. ती ओटीवर तांदूळ निवडत बसायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. तुळशीराम म्हणाला, नावं काढून पुन्हा करू. ती म्हणाली, "हिची हालद पुसू कं मी?" आणि थोड्या वेळाने, हळू, "आता तर कोनीच न्हाय बोलवनार."

मला वाटत होतं, हे माझ्यामुळे झालं. माझं लग्न गाता गाता तिचं गाणं बुडालं.

त्यानंतर चौथ्या दिवशी दारात रिक्षा थांबली. काठी टेकत एक म्हातारी उतरली, मागे तिची सून. म्हातारी म्हणजे दीपेशची आजी, सीताबाई. मला वाटलं, भांडायलाच आली. पाणी दिलं ते तिने प्यायलं, मनालीच्या गालाला हात लावला आणि आक्काला म्हणाली, "तुझे सीडीनं माझे नातवाची हालद थांबवली."

"व्हय."

"मना तवा कललं. मशीनला नाव न्हाय घालता येत." तिने तोंड पुसलं. "नातीचं लगीन हाय रविवारी. तू ये. नावं मी सांगतू, तू बराबर घाल."

तिच्या सुनेने पुस्ती जोडली, त्यांच्या भावकीत आणखी दोन लग्नं आहेत, तीही विचारत होती.

आक्का उठली आणि आत गेली. बाहेर आली ती थेट माझ्याकडे.

"धवल्याला दोन बाया लागतात. एक बोलते, दुसरी तेच मागून झेलते. माझी झेलनारी गोदू गेली, म्हाईत हाय ना?"

"सीडीत तर तुम्ही एकट्याच गायलात."

"तुळशानं माझाच आवाज दोनदा घेतला. मांडवात कसा घेनार?"

"मला नाही येत, आक्का. मी तर आगरी पण नाही."

"चौदाच्या चौदा ऐकलेस ना बसून? हालद लागली तुना, आता कंची गो तू? रविवारी हिरवी नेस."

रविवारी मनालीला प्रितमकडे देऊन आम्ही निघालो. मांडवाच्या दारातच आक्काने मुलीचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, गावाचं विचारलं, आणि मला तीनदा म्हणायला लावलं. मुलगी पाटावर बसली. रीमा तिचं नाव. डीजेवाला वायर गुंडाळून बाजूला उभा राहिला. आक्काने पहिली ओळ घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि थांबली.

माझा आवाज जरा चिरका लागला. पण नाव बरोबर होतं.