तांबटगल्लीतला बंब

मी एक समोवार. पण हे नाव आता माझं मलाच परकं वाटतं. गेली बावीस वर्षं जालन्यातले लोक मला बंब म्हणतात आणि मीही त्या हाकेला ओ देतो. पोटात नळी, नळीत निखारे, भोवती पाणी, पुढं तोटी आणि डोक्यावर चहाची किटली. न्हाणीतल्या बंबापेक्षा मी जरा नटवा, एवढाच काय तो फरक. वाफ धरली की मला गुंगी येते आणि जुनं सगळं आठवत राहतं. आत्ताही वाफ धरली आहे, तेव्हा बसा घटकाभर.

माझा जन्म इराणातल्या यज्द गावचा. तिथं भांडी घडवणाऱ्यांची एक लांब आळी होती. दिवसभर ठोक्यांचा आवाज. जन्मल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं ते तेच. त्याच आळीच्या मागं खुदादादचं घर होतं. तो विशीत हिंदुस्थानला निघाला तेव्हा त्याच्या आईनं मला त्याच्या काखेत दिलं आणि म्हणाली, "हा जिथं तापेल तिथं तुझं घर."

आगबोटीनं मुंबई, मग मनमाड आणि तिथून निजामाची रेल्वे. जायचं होतं सिकंदराबादला, त्याच्या एका गाववाल्याकडं. वाटेत जालना स्टेशन आलं. खुदादाद मला घेऊन नळावर पाणी भरायला उतरला. भरता भरता गाडी सुटली. हा पठ्ठ्या धावला, पडला आणि माझा एक पाय निखळला. गाडी गेली ती गेलीच.

तो मला उचलून कुंडलिका ओलांडून गावात आला. कुणाला काय विचारावं तेही त्याला कळेना. तेवढ्यात कानावर ठोके आले. ठण ठण, ठण ठण. खुदादाद भर रस्त्यात डोळे मिटून उभा राहिला. मला तर वाटलं, आपण परत यज्दलाच आलो. त्या आवाजामागं चालत आम्ही तांबटगल्लीत शिरलो आणि रामकिसन तांबटाच्या ओसरीसमोर थांबलो. रामकिसननं मला उलटासुलटा करून पाहिलं, काही न विचारता पाय जोडला आणि बायकोला हाक मारली, "द्वारका, पावन्याला भाकर दे. उपाशी दिसून राह्यला."

भाकरीबरोबर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती. ती इतकी झणझणीत की खुदादादच्या डोळ्यांतून पाणी आलं. द्वारकाबाईला वाटलं, लेकराला घरची आठवण आली. दोन्हीही खरं असावं. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती. ती गेली, तिच्यामागची गेली. सिकंदराबाद राहूनच गेलं.

रामकिसनच्या ओसरीला लागून एक खोली रिकामी होती. तिथं आमचं चहाचं दुकान झालं. रोज पहाटे माझ्यात निखारे टाकताना खुदादाद हात जोडायचा. अग्नीला मानणारी त्याची माणसं. गल्लीला ते फार आवडलं. चहा मात्र कुणी घेईना. परक्या माणसाच्या कपाला तोंड कसं लावायचं? मग अंबडकडचा कडूबा, दर बाजाराला बैलगाडी घेऊन येणारा, त्यानं तोड काढली. घरून पितळेचा पेला आणला. त्यावर त्याचं नाव घातलेलं होतं.

"चहा तुमचा, पेला माजा. बराबर हाय का न्हाई?"

"बिलकुल बराबर," खुदादाद म्हणाला आणि भिंतीत एक खिळा ठोकला.

बघता बघता भिंत खिळ्यांनी भरली. प्रत्येक खिळ्याला एक पेला, प्रत्येक पेल्यावर नाव. इकडची रीतच आहे ती. भांडं घरात आलं की त्यावर आधी नाव घालायचं, गल्ली घालायची, गाव घालायचं. लग्नाकार्यात भांडी गल्लीभर फिरतात, नाव नसलं तर गेलंच म्हणून समजा. पेले आणले होते विटाळाच्या भीतीनं. चार-पाच वर्षांत भीती विरली, पेले मात्र राहिले. खुदादादला मराठी वाचता येत नव्हतं, पण पोचा बघून तो कुणाचा पेला ते सांगायचा.

आणि काय जीव जडला त्याचा या गावावर! संध्याकाळी मोती तलावावर जाऊन बसायचा, तिथून आला की मला पाण्यातल्या रंगांचं वर्णन सांगायचा. हिवाळ्यात कडूबानं आणलेला हुरडा खाताना बोलायचाच नाही. द्वारकाबाईच्या धपाट्यांसाठी तर तो यज्दच्या डाळिंबांनाही नावं ठेवायचा. "जालना, सोने का पालना," गिऱ्हाईक नवं असलं की हे ऐकवल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे. मला हसू यायचं. पण मीही त्याच पाळण्यात झोके घेत होतो.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाच्या संस्थानातले दिवस बिघडत चालले होते. पुण्याहून खुदादादच्या मामाचं पत्र आलं. लिहिलं होतं, इकडं आपली माणसं आहेत, हॉटेल आहे, तू तिथं एकटा कोण? ताबडतोब निघ. तो शेवटचा प्रश्न खुदादाद चार दिवस घोकत राहिला. पाचव्या दिवशी त्यानं ट्रंक भरली. द्वारकाबाईला म्हणाला, "वहिनी, आपल्या आसराचं लगीन होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी जाते."

बावीस वर्षांत त्याला मराठीतलं जातो-जाते जमलं नव्हतं. एरवी द्वारकाबाई हसायची. त्या दिवशी हसली नाही.

आसरा म्हणजे रामकिसनची धाकटी. वऱ्हाडाच्या चहासाठी मला लग्नघरी नेलं. आदल्या दिवशी दुपारी रामकिसन अंगणात बसून बिननावाच्या भांड्यांवर नावं घालत होता. छिन्नीवर हातोडीचे बारीक ठोके. पराती झाल्या, तपेली झाली, मग त्यानं मला पुढं ओढलं. अंगाला गुदगुल्या झाल्या. यज्द सोडल्यापासून असं कुणी मला घडवलं नव्हतं. मी सुखानं डोळे मिटले.

"अवो, हे काय केलं?" द्वारकाबाईचा आवाज आला. "बंबावर जालना घातलं? त्ये तर परवा पुण्याला चालले ना!"

रामकिसननं छिन्नी खाली ठेवली. कपाळाला हात लावला. "हात गेला गं. सकाळपून समद्याईवर त्येच घालून राह्यलो."

"मंग पुसा की."

"पुसता येतंय व्हय? ठोकून काढलं तर भोक पडंल."

लग्न लागलं. माझा चहा सगळ्या वऱ्हाडानं घेतला. दुसऱ्या दिवशी खुदादाद मला न्यायला आला तेव्हा नवराबायको चोरासारखी उभी होती. खुदादादनं माझ्या पोटावरून हात फिरवला. बोटं अक्षरांवर थांबली. त्यानं वाचून दाखवायला सांगितलं. मामाच्या पत्रानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. द्वारकाबाई थोडंफार शिकलेली होती, तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं, "खुदादाद इराणी. तांबटगल्ली. जालना."

"चुकलं, शेट," रामकिसन म्हणाला. "वरून पत्रा मारून देतो. दिसनार न्हाई."

खुदादाद मला छातीशी धरून खाली बसला. रडला. मोठ्यानं रडला, येसराचा ठसका नव्हता तरी. मग म्हणाला, "पत्रा नको. परत एकदा वाचा, वहिनी."

ट्रंक त्यानं रिकामी केली. पुण्याला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही.

पुढं आषाढात गल्लीच निघाली. लुटालुटीच्या भीतीनं एकेक घर संस्थानाच्या हद्दीपलीकडं वऱ्हाड प्रांतात नातलगांकडं गेलं. द्वारकाबाईनं जाताना घराची किल्ली खुदादादच्या हातावर ठेवली, इतरांनीही ठेवल्या. ठोके थांबले. बावीस वर्षांत मी ती शांतता कधी ऐकली नव्हती. खुदादादनं एकही पहाट चुकवली नाही. मला पेटवायचा, भिंतीवरचे सगळे पेले उतरवून धुवायचा, पोचे बघून एकेकाचं नाव घ्यायचा आणि परत खिळ्याला लावायचा. त्या वाफेत मला सगळे बसलेले दिसायचे. मीही मग तोटीतून थेंब थेंब गळत राहायचो, कुणी पेला धरला आहे असं समजून.

निजामाचं राज्य गेलं आणि दसऱ्याच्या आधी एका सकाळी गल्लीत बैलगाडी वाजली. पुढं कडूबा, मागं द्वारकाबाई आणि रामकिसन. कडूबा सरळ आत आला, न बघता हात वर केला आणि खिळ्यावरून आपला पेला काढला.

"शेट, चहा टाका. लई दिस झाले."

खुदादादला तोटी सापडेना. मीच जरा जास्त उकळून आवाज केला.

आता शेजारी पुन्हा ठण ठण चालू आहे. माझं पितळ काळवंडलं आहे, कल्हई दरवर्षी लागते, जोडलेला पाय थोडा डुगडुगतो. पण नाव शाबूत आहे. खुदादाद रोज चिंच लावून तेवढी जागा चमकवतो.

कधी जालन्यात आलात आणि गाडी सुटली, तर घाबरू नका. ठोक्यांच्या मागं चालत या. येताना आपलं भांडं आणा. भिंतीवर एक खिळा रिकामा ठेवला आहे.