झोपलेला पाय

"समीकरण नंतर मांड. आधी मला सांग, तुझा माणूस करतोय काय? झोपलाय, बसलाय की चालतोय?"

प्रयोगशाळेत सर हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला विचारायचे. थोरलीला ते इतकं तोंडपाठ होतं की आता तिकडे तिचं लक्षच जात नसे.

संगणकावर तिने ज्या पायातल्या रक्तप्रवाहाचं मॉडेल मांडलं होतं तो बाबांचा पाय होता. मांडीतली मुख्य धमनी बंद पडलेली. सर्जनबाई म्हणाल्या होत्या, पोटरी दुखेपर्यंत रोज चाला, थांबा, पुन्हा चाला. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावल्या तर रक्त आडवाटेने पावलापर्यंत पोचेल. पुढच्या तपासणीत पाऊल असंच गार लागलं, तर मात्र ऑपरेशन. बाबांचं हृदय आधीच अधू, त्यामुळे ऑपरेशन घरात कुणालाच नको होतं.

बाबा काही दिवस चालले. पण पोटरीत गोळा यायचा तो नेमका गाद्यांच्या दुकानासमोर. मग ते गाद्या बघितल्यासारखं करत उभे राहायचे. एकदा दुकानदार खुर्ची घेऊनच बाहेर आला. "काका, रोज नुसतं बघताय. एकदा आडवं होऊन तरी बघा." बाबा घरी आले आणि खरोखरच आडवे झाले. बूट पलंगाखाली गेले ते गेलेच.

तेव्हा थोरलीने शब्द दिला होता. "मी येते बरोबर. थांबायचं झालं तर दम मला लागलाय म्हणू, तुमचं नाव येणार नाही. एवढं मॉडेल उरकू दे."

आणि मॉडेल काही उरकेना. रक्त जितक्या जोराने भिंतीला घासत जाईल तितकी वाहिनी रुंद व्हावी, असा नियम तिने घातला होता. तरी आडवाटा होत्या तेवढ्याच. तिने रक्ताचा दाटपणा बदलला, भिंती मऊ केल्या, पुन्हा कडक केल्या. पाऊल गार ते गारच. शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी म्हणाला, "पाय बाबांवरच गेलाय. हलायचं नाव नाही." तिला हसूही येईना. डोकं नुसतं भणभणत होतं.

त्यातच आईचा फोन. आई वैतागली की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते.

"तुझं काम चालू दे. मी फक्त सांगतेय, चादर बदलायची तर मला ह्यांच्यासकट झटकावी लागेल. थोरली येईपर्यंत पडून राहणार म्हणतात. तू येणार कधी, तेही सांगत नाहीस."

फोन ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं. पोटरीला लागणारं रक्त तिने स्कॅनवरून जसंच्या तसं उचललं होतं. आणि स्कॅन काढताना माणूस आडवा असतो. इतके आठवडे ती झोपलेल्या पायाच्या आडवाटा रुंदावायची वाट बघत होती. झोपलेल्या पोटरीला रक्त लागतंय किती? मग आडवाटांनी रक्त ओढलं कशाला जाईल, आणि भिंती घासल्याशिवाय त्या रुंदावतील कशा?

स्वतःच्याच कपाळावर हात मारावासा वाटला. रक्ताची मागणी वाढवून तिने मॉडेलमधल्या पोटरीला चालायला लावलं, गणित सुरू केलं आणि उठली.

"उत्तर न बघता निघालीस?" शेजारच्याने विचारलं.

"ते सावकाश येईल. माझंच अडलंय घरी."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने पलंगाखालून बूट ओढले, धूळ ओढणीने पुसली.

"झालं मॉडेल?" त्यांनी न वळता विचारलं.

"नाही."

"मग आज कशी आलीस?"

"तिथल्या माणसाला चालायला लावून आले. तोही माझ्यामुळेच पडून होता."

बाबा तिच्याकडे वळले. मग कुरकुरत उठून बसले आणि पाय पुढे केला. पाऊल तिच्या हातात गार लागलं. तिने मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली.

दारात ते घुटमळले. "दुसऱ्या गल्लीने जाऊ."

"तिकडे चढ आहे, मला नाही जमायचं," ती म्हणाली आणि गाद्यांच्या दुकानाच्या दिशेने वळली. थोडं पुढे जाताच, बाबा थांबायच्या आधीच, तिने धापा टाकत एक हात कमरेवर ठेवला.