सगळ्या दिशांची खोली

मी गणित शिकवते. गोल म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. पण आमच्या शाळेनं जिन्याखालच्या खोलीत जो घोळ घातला, तो कुठल्याच पुस्तकात नाही.

माझ्या वर्गातल्या मुंगीची आई गेली. एवढीशी, गप्प पोर, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणतात. मधल्या सुट्टीत ती त्या खोलीत भिंतीशी बसायची आणि आईशी बोलायची. बोलून आली की निदान वही तरी उघडायची.

मुख्याध्यापिकाबाईंना हे कळलं आणि त्यांना गहिवर आला. "शाळेत श्रद्धेला जागा हवीच! पण सगळ्यांच्या!" झालं, बैठक बसली. भाषेच्या सरांना तोंड उगवतीकडे हवं, चित्रकलेच्या बाईंना मावळतीकडे. विज्ञानाचे सर म्हणाले, "मी काहीच मानत नाही. मला कोपरा द्या." नुसती हमरीतुमरी! शेवटी मुख्याध्यापिकाबाईंचे दीर धावून आले. दुकानातल्या बाहुल्या फिरवायच्या चकत्या बनवतात ते. त्यांनी खोलीभर गोल फिरती फरशी बसवली. कुणावर अन्याय नको, सगळ्यांनी सगळीकडे तोंड करायचं! गोलाला कोपरा कुठला? म्हणून सरांसाठी एक लाकडी कोपरा ठोकला. तोही फिरायचा.

उद्घाटनाला बाई स्वतः बसल्या आणि उतरल्या त्या थेट बेसिनकडे धावल्या. तोंड पुसत म्हणाल्या, "अनुभव फार खोल होता."

मुंगी मात्र बसेना. दारातून बघायची नि परत यायची. वही बंद ती बंदच. माझा जीव तुटायचा. बाईंनी काय करावं? फरशीचा वेग कमी केला! आजार रेड्याला नि औषध पखालीला!

एकदा विज्ञानाचे सर आत आपल्या कोपऱ्यात बसून फिरत होते, तेव्हा मीच दारात तिच्याजवळ उकिडवी बसले. "काय गं, भीती वाटते?"

"नाही बाई. आई त्या भिंतीपाशी येते. मी फिरत राहिले तर तिला सापडणार कशी?"

आधी मला रडू आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्यावर वर्तुळं काढायचा माझा लाकडी कंपास मी फरशीच्या फटीत खुपसला. कडाड! फरशी थांबली, विज्ञानाचे सर कोपऱ्यासकट घसरून त्याच भिंतीशी आदळले. मुंगी आत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली.

बाई धावत आल्या. "अहो, सगळ्यांची खोली बंद पाडलीत!"

"पाडली. हळू बोला, तिची आई आली असेल."

विज्ञानाचे सर गुडघा चोळत होते. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, आणि गुपचूप थोडे बाजूला सरकले.