वजा दहा

माझ्या धाकट्या बहिणीने दोन खून केले, असं गावाने एका दुपारीत ठरवून टाकलं. कारण काय, तर दोन्ही घरांच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. अहो, ती त्या घरांची साफसफाई करायची, मग किल्ल्या काय माझ्याकडे असणार? झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी बाई ती.

पहिले गेले ते निवृत्त पोस्टमास्तर. जिन्यावरून पडले, असं तेव्हा सगळेच म्हणाले. तीन महिन्यांनी शाळेतल्या मास्तरीणबाई गेल्या, डोक्यात मागून घाव. शहरातल्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. "थांब गं, दाराशी कुणीतरी आलंय," म्हणाल्या आणि फोन तुटला. एक्स्चेंजच्या नोंदीत वेळ होती चार पस्तीस. फौजदारसाहेबांनी पोस्टमास्तरांचं पडणंही खुनात जमा केलं आणि बहिणीला जीपमध्ये घातलं.

"ताई, तुम्ही घड्याळं दुरुस्त करा. तपास आमच्यावर सोडा," ते मला म्हणाले.

सोडतेय कशाला! मी कोठडीच्या गजाशी जाऊन बसले. बहीण म्हणाली, "ताई, दोघंही त्या औषधवाल्यावर चिडले होते. जुन्या बाटल्यांवरची तारीख खोडून तो नवी छापतो म्हणायचे. बाई तर तक्रार लिहायला बसल्या होत्या."

"हे फौजदारांना सांगितलंस?"

"सांगितलं. हसले."

मग मी औषधवाल्याच्या मागे लागले. पण न्हावी छातीठोकपणे सांगत होता, की चार पस्तीसला औषधवाला त्याच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसला होता. उलट बेकरीवाल्याने सांगितलं, की बहीण त्याच्याकडून पाव घेऊन चार पंचवीसला निघाली. बेकरीपासून बाईंचं घर पाच मिनिटांवर. दोघंही सरळ माणसं. दोघांनीही वेळ पाहिली ती चौकातल्या टॉवरवरच्या घड्याळात, आणि ते घड्याळ माझं. चाळीस वर्षं मीच त्याला किल्ली देते, त्याच्याखालच्याच ग्रामपंचायतीच्या खोलीत राहते.

या घड्याळाची एक गंमत सांगायला हवी. गावाची बस चुकू नये म्हणून माझ्या वडिलांनी ते दहा मिनिटं पुढे लावलं. महिन्याभरात गाव हुशार झालं आणि मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायला लागलं. आमच्याकडची पोरं बेरजेच्या आधी वजाबाकी शिकतात. मनगटावरचं घड्याळ मिरवायला, वेळ मात्र टॉवरवरची, वजा दहा.

बहिणीला नेल्याच्या सहाव्या दिवशी मी पुन्हा बेकरीत गेले. "नक्की पंचवीसच ना हो?"

"आता किती वेळा सांगू, ताई? भट्टीतून दुसरा घाणा काढायची वेळ होती, म्हणून वर बघितलं. तुमची बहीण समोर उभी होती, पिशवीत पाव भरत होती." मग तो एकदम उसळला. "त्या बसवाल्याला विचारा की वेळेचं! त्याच दिवशी दहा मिनिटं आधी बस पळवली त्याने. मी, सरपंच, अकरा जण चौकात तोंड बघत राहिलो."

पाव तिथेच ठेवून मी घरी आले.

आता जे सांगायचं ते सांगते, गोड करून सांगणार नाही. बाई गेल्या त्या दिवशी सकाळी सरपंच मला म्हणाले, की विजेवरचं घड्याळ येतंय, पुढच्या महिन्यापासून तुमची गरज नाही. माझ्या नाकावर राग, तो डोक्यात गेला. चाळीस वर्षं तुमच्यासाठी खोटी वेळ दाखवली ना, घ्या मग खरी! दुपारी बाराला वर चढले आणि काटे दहा मिनिटं मागे आणून बरोबर लावले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. सगळे नेहमीसारखे वजा करत बसले, आणि बस चुकली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी काटे पुन्हा पुढे केले आणि तोंड बंद ठेवलं.

माझ्या या खोडीने साक्षींच्या वेळा चुकल्या, हे बसचं ऐकून सहाव्या दिवशी कळलं, तरी मी नवव्या दिवसापर्यंत बोलले नाही. मधल्या काळात सरपंचांनी निरोप पाठवला होता, की ताईंनी बहिणीसाठी दारोदार चौकशा करणं थांबवून शांत राहावं, खोली त्यांच्याकडेच राहील. या वयात डोक्यावरचं छप्पर जाईल, या भीतीने मी गप्प बसले. नववा दिवस उजाडला तो या बातमीने, की बहिणीला उद्या शहरातल्या तुरुंगात नेणार. मग मात्र मला माझीच किळस आली.

त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती, बस ड्रायव्हरची तक्रार करायला. फौजदारसाहेबही पुढच्या बाकावर बसले होते. मी उभी राहिले.

"ताई, तुमचा विषय नाही हा," सरपंच म्हणाले.

"माझाच आहे. न्हावीदादा, औषधवाला खुर्चीत बसला तेव्हा टॉवरवर काटे कुठे होते? वजा करू नका. दिसलं ते सांगा."

"पावणेपाचवर. म्हणजे चार पस्तीस."

"म्हणजे बिणजे काही नाही. बेकरीवाले, तुम्हाला काटे कुठे दिसले?"

"चार पस्तीसवर. म्हणजे..." तो थांबला.

"त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं. मीच लावलं होतं. बाईंचा फोन तुटला तेव्हा माझी बहीण तुमच्यासमोर पाव भरत होती. आणि हे," मी औषधवाल्याकडे बोट केलं, "दहा मिनिटांनी दाढीला येऊन बसले."

"बहिणीला वाचवायला काहीही बोलाल!" सरपंच ओरडले. "पुरावा काय?"

"पुरावा तुम्ही! अकरा शहाण्यांची बस एकाच दिवशी कशी चुकली? ड्रायव्हर पाचच्या ठोक्याला निघाला. चुकलात तुम्ही, आणि भाकरी त्या गरिबाची हिरावायला निघालात."

मग औषधवाला उठला. दुकान उघडं राहिलंय म्हणाला. फौजदार त्याच्याकडे बघत म्हणाले, "बसा." त्याच रात्री झडतीत दुकानाच्या माळ्यावर तारखांचे शिक्के सापडले, आणि बाईंच्या अक्षरातली अर्धी तक्रार.

"खोली सोडावी लागेल," सभा सुटताना सरपंच हॉलच्या दारात मला म्हणाले.

"सोडते की. पण आधी ड्रायव्हरची माफी मागा, सगळ्यांसमोर." आणि ती त्यांनी मागेपर्यंत मी दारातून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण सुटली. वाटेत मी तिला सगळं सांगितलं, सहावा दिवस, नववा दिवस, खोली, सगळं. घर आलं तशी ती कुलूप काढून आत गेली आणि दार लावलं.

मी पायरीवर बसले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

"तीन रात्री, ताई," आतून आवाज आला. "तुला माहीत असून तू गप्प होतीस, आणि मी तीन रात्री तिथे झोपले."

"हो."

"जा तू."

"जाणार नाही. तू दार उघडेपर्यंत इथेच बसणार."

"बस मग," ती म्हणाली.

मी बसून राहिले.